डब्लिन अश्वप्रदर्शन

आयर्लंडची राजधानी डब्लिन इथे दरवर्षी ऑगस्टमध्ये भरणारे घोड्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन. शहराच्या बॉल्सब्रिज भागात रॉयल डब्लिन सोसायटीच्या मैदानावर ते चालते. त्या संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून या मैदानाला सगळे ‘आरडीएस’ म्हणतात. अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांमुळे, आणि त्यातही आगा खान चषकाच्या सांघिक लढतीमुळे, हे प्रदर्शन जगभर ओळखले जाते. मुळात मात्र ही एक घोड्यांची बाजारपेठ होती. विकायला आणलेल्या जनावराच्या अंगात किती पाणी आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचे म्हणून उड्या सुरू झाल्या आणि खेळ त्यातून उभा राहिला.

शेती, कारागिरी आणि विज्ञान यांना उत्तेजन देण्यासाठी १७३१ मध्ये डब्लिन सोसायटी स्थापन झाली. १८२० मध्ये तिला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. १८१५ पासून संस्थेचे बिऱ्हाड लेन्स्टर हाउस या जुन्या उमरावी वाड्यात होते. एप्रिल १८६४ मध्ये आयर्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने इथे घोड्यांचे पहिले प्रदर्शन भरवले. त्यात ३६६ नोंदी आल्या आणि बक्षिसांसाठी एकूण ५२० पौंड ठेवले होते. रॉयल डब्लिन सोसायटीने स्वतः भरवलेले पहिले प्रदर्शन त्यानंतरचे, २८ ते ३० जुलै १८६८ या तीन दिवसांचे. त्यासाठी संस्थेने आपल्या गंगाजळीतून १०० पौंड मंजूर केले. वाड्यासमोरच्या हिरवळीवर माणसे लगाम धरून घोडे फिरवत आणि परीक्षक त्यांची पारख करत. गाढवे आणि खेचरे यांच्यासाठीही वेगळे गट होते. याच लेन्स्टर हाउसमध्ये आता आयर्लंडची संसद भरते.

या बाजारात मागणी होती ती ‘हंटर’ म्हणजे शिकारीच्या घोड्याला. आयर्लंडच्या शेतात नांगर ओढणारा, गाडीला जुंपला जाणारा आणि गरज पडली तर खोगीरही चालवून घेणारा दणकट आयरिश ड्राफ्ट घोडा आणि शर्यतीचा चपळ थरोब्रेड यांच्या संकरातून हा हंटर तयार होतो. शिकारी कुत्र्यांच्या मागे दिवसभर दौडायचे तर वाटेत मातीचे उंच बांध, पाण्याचे चर आणि दगडावर दगड रचलेल्या भिंती येतात. अशा भिंतीला कोकणात आपण गडगा म्हणतो. पश्चिम आयर्लंडची शेते या गडग्यांनी विणल्यासारखी दिसतात. तेव्हा घोडा विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असे : हा गडग्यावरून जातो का?

त्या प्रश्नाचे उत्तर १८६९ मध्ये भर मैदानात मिळाले. त्या वर्षी उड्यांच्या स्पर्धा ठळकपणे पुढे आल्या. लांब उडीसाठी काटेरी झुडपाने भरलेला अडीच फुटांचा अडथळा होता आणि त्याच्या पलीकडे १२ फूट पाणी. दगडी भिंतीची उंची सहा फुटांपर्यंत ठेवली होती. ही भिंत ‘शेन रू’ नावाच्या घोड्याने जिंकली आणि त्याच दिवशी तो एक हजार पौंडांना विकला गेला. सबंध प्रदर्शनाच्या बक्षिसांसाठी जिथे आदल्या वर्षी १०० पौंड पुरले होते, तिथे एका उडीने एकट्या घोड्याची किंमत त्याच्या दहापट केली. या प्रदर्शनाचा पुढचा सगळा इतिहास मला या एका सौद्यात दिसतो.

१८७० मध्ये त्याला ‘राष्ट्रीय अश्वप्रदर्शन’ हे नाव मिळाले. नंतर जागा अपुरी पडू लागली आणि १८८१ मध्ये ते बॉल्सब्रिजच्या मोकळ्या माळावर हलवले. तिथे एकेका अडथळ्याची वेगळी परीक्षा न घेता सगळे अडथळे ओळीने, न थांबता पार करण्याचा मार्ग प्रथमच आखला गेला. प्रेक्षकांसाठी ८०० जणांचा सज्जाही उभा राहिला. मुख्य मैदानात मातीचे दोन गवताळ बांध घातले होते. या बांधांवरून घोडा एका झेपेत पलीकडे जात नाही. तो माथ्यावर चढतो, तिथे क्षणभर पाय बदलतो आणि मग खाली झेप घेतो. बांधांशी खेळतच वाढलेल्या आयरिश घोड्याला हे उपजत जमते, परदेशी घोड्याचा मात्र तिथेच गोंधळ उडतो. १९७६ मध्ये मैदान इतर कार्यक्रमांनाही वापरता यावे म्हणून हे बांध काढून टाकले. सोय झाली हे खरे, पण आयरिश मुलखाची जी खूण मैदानात होती ती गेली.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेची कल्पना १९२५ मध्ये स्विस सैन्यातले कर्नल झीग्लर यांनी मांडली. युरोपातल्या सैन्यांचे अधिकारी घोडदळासाठी घोडे घ्यायला आयर्लंडला येतच असत. तेव्हा देशोदेशीच्या संघांना इथे एकत्र बोलावण्यात व्यापाराचेही हित होते. सोसायटीच्या बाजूने ही कल्पना उचलून धरली न्यायाधीश विल्यम वाइली यांनी. हेच वाइली ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर लष्करी न्यायालयात बंडखोरांविरुद्ध सरकारी बाजू मांडत होते, आणि आरोपींमध्ये डब्ल्यू. टी. कॉसग्रेव्हही होते. पुढे स्वतंत्र राज्याचे सरकार कॉसग्रेव्ह यांच्या हाती आले. त्या सरकारने १९२६ मध्ये सैन्याची अश्वारोहण शाळा काढली, त्यामागेही वाइली यांचा आग्रह होता. दहा वर्षांपूर्वी एकमेकांसमोर उभी असलेली माणसे घोड्यांच्या कामासाठी एका बाजूला आली, याचे मोल मोठे आहे.

चषक दिला तिसरे आगा खान, सर सुलतान महंमद शाह यांनी. इथे या कहाणीचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. त्यांचे आजोबा, पहिले आगा खान, इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झाले आणि त्यांची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे. नातवाचा जन्म १८७७ चा, कराचीचा. बालपण मात्र मुंबई-पुण्यात, आजोबांनी जोपासलेल्या पागेच्या सहवासात गेले. १८९२ मध्ये पुण्याचा आगा खान पॅलेस बांधला तो त्यांनीच. १९४२ ते १९४४ या काळात गांधीजींना तिथे स्थानबद्ध केले होते आणि कस्तुरबांनी तिथेच देह ठेवला, म्हणून ही वास्तू मराठी माणसाला ठाऊक असते. तिच्या धन्याच्या नावाचा चषक डब्लिनमध्ये दर ऑगस्टला लढवला जातो हे मात्र फार थोड्यांच्या कानावर असते. १९२० च्या दशकात त्यांनी आयर्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली, आणि पुढे १९३० ते १९५२ या काळात त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली.

पहिली आगा खान स्पर्धा १९२६ मध्ये झाली. ग्रेट ब्रिटन, हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि यजमान आयर्लंड असे सहा संघ उतरले. जिंकले स्विस, आणि तेही आयर्लंडमध्ये जन्मलेल्या घोड्यांवर बसून. यजमानांचा पराभव झाला खरा, पण आयरिश घोड्याची याहून चांगली जाहिरात कुणाला करता आली असती? स्विस संघाने १९३० मध्ये मूळ चषक कायमचा आपल्या घरी नेला. त्यानंतर नवे चषक येत गेले. सध्याचा सहावा असून तो १९८० मध्ये चौथ्या आगा खानांनी दिला.

आयर्लंडच्या लष्करी शाळेची जडणघडण १९२८ पासून कर्नल पॉल रॉड्झिआन्को या रशियन अधिकाऱ्याने केली. झारच्या सैन्यात घडलेल्या या माणसाच्या हाताखाली शेतकऱ्यांची पोरे काही वर्षांत युरोपच्या तोडीची झाली. १९३४ मधली पहिली ग्रां प्री, म्हणजे एकेकट्या स्वारांची मुख्य स्पर्धा, याच शाळेच्या जेड ओड्वायर यांनी जिंकली, आणि १९३७ मध्ये आयर्लंडने चषक कायमचा मिळवला. १९४९ पर्यंत सांघिक स्पर्धेत फक्त लष्करी अधिकाऱ्यांनाच जागा होती. ती अट गेल्यावर मैदान नागरी स्वारांना खुले झाले.

त्या पिढीतले सर्वांत मोठे नाव आयरिस केलेट यांचे. १९६९ मध्ये याच मैदानात ‘मॉर्निंग लाइट’ या घोड्यावर त्यांनी महिलांचे युरोपीय विजेतेपद मिळवले. एडी मॅकन हा त्यांचाच शिष्य. पॉल डॅरा, कॉन पॉवर, जेम्स केर्नन आणि ‘बूमरँग’ या घोड्यावर स्वार झालेला मॅकन या चौघांनी १९७७, १९७८ आणि १९७९ असे लागोपाठ तीन वर्षे आगा खान जिंकले आणि चषक कायमचा देशात ठेवला. आयर्लंडमध्ये ही चार नावे आजही एका दमात घेतली जातात. १९८२ मध्ये जागतिक विजेतेपदाची स्पर्धाही इथेच झाली आणि ती पश्चिम जर्मनीच्या नॉर्बर्ट कोफने जिंकली.

सांघिक लढतीचे गणित सोपे आहे. संघात चार स्वार असतात आणि फेऱ्या दोन होतात. पाडलेल्या प्रत्येक दांड्याला चार दंडगुण पडतात आणि फेरीत चारांपैकी चांगले तीन निकाल धरतात. म्हणजे एकाची चूक पोटात घालता येते, दोघांची नाही. शुक्रवारी लष्करी बँडच्या सुरांवर संघ आपापल्या ध्वजांमागून मैदानात येतात. शनिवारी भिंतीची स्पर्धा असते. तीत दर फेरीला लाल ठोकळ्यांची भिंत वाढवत नेतात. १८६९ च्या सहा फुटी दगडी भिंतीची ही वारसदार. रविवारी ग्रां प्री होते.

दोन्ही महायुद्धांच्या काळात काही वर्षे, आणि करोनामुळे २०२० व २०२१ मध्ये प्रदर्शन भरले नाही. २०२२ मध्ये ते परतले तेव्हा आगा खान चषक आयर्लंडनेच जिंकला.

दूरचित्रवाणीवर उड्याच दिसत असल्या तरी बाजूच्या रिंगणांतली पारख पूर्वीइतकीच मनापासून चालते. तिथे शिंगरांसह घोड्या येतात, पश्चिम आयर्लंडच्या कनेमारा भागातले पोनी म्हणजे ठेंगणे घोडे येतात, आणि हंटरचे अनेक गट असतात. आधी सगळे घोडे चाल, दुडकी आणि दौड दाखवतात. मग परीक्षक स्वतः रिकिबीत पाय घालून अनोळखी घोड्यावर चढतो आणि रिंगणाला फेरी मारतो. स्वाराच्या कौशल्याने झाकलेला दोष परीक्षकाच्या मांडीखाली लपत नाही. त्यानंतर खोगीर उतरवतात. मोतद्दार फडक्याने पाठीवरचा घामाचा ठसा पुसून अयाळ सारखी करतो, आणि परीक्षक चार पावले मागे सरून खांदा, पाठ, गुडघे आणि खूर एकेक करून पाहतो. कठड्याबाहेर गिऱ्हाईकही तेच पाहत उभे असते.