चरित्रनट (गोमंतकीय रंगभूमी)

नायक-नायिकेच्या जोडीबाहेरची, पण ज्यांच्यावाचून कथानक पुढे सरकत नाही अशी पिता, सासरा, कारभारी, सावकार, भिक्षुक, वृद्ध सेवक इत्यादी पात्रे रंगविणारा नट. त्यास चरित्र अभिनेता असेही म्हणतात. गोव्यातील मराठी उत्सवी रंगभूमीवर ही संज्ञा मुख्यतः वयस्क, संसारी आणि अनेक वर्षे रंगमंचावर वावरलेल्या नटास लावली जाते.

शब्दाची व्युत्पत्ती स्पष्ट आहे. त्याचा मराठीतील प्रवेश मात्र तितका स्पष्ट नाही. ‘चर्’ धातूला पाणिनीच्या ‘अर्तिलूधूसूखनसहचर इत्रः’ (३.२.१८४) या सूत्राने ‘इत्र’ प्रत्यय लागून ‘चरित्र’ हे रूप सिद्ध होते. त्याचा मूळ अर्थ ‘चालण्याचे साधन’, म्हणजे पाय, असा असून ऋग्वेदात (१.११६.१५) विश्पला या स्त्रीचा पाय तुटल्याच्या उल्लेखात हाच शब्द आला आहे. पुढे तो आचरण या अर्थी रूढ झाला. मराठीत जीवनवृत्तासाठी चरित्र आणि शीलासाठी चारित्र्य अशी वाटणी झाल्यामुळे ‘चरित्र अभिनेता’ याचा काटेकोर अर्थ थोर पुरुषांच्या जीवनावरील नाटकांत काम करणारा नट, असा व्हावयास हवा. तो तसा होत नाही, यावरून ही संज्ञा हिंदी चित्रपटव्यवसायातून, बहुधा बोलपटांचा काळ सुरू झाल्यानंतर, मराठीत आली असावी. इंग्रजीतील ‘कॅरेक्टर’ या शब्दाचे ते थेट मराठी भाषांतर आहे, असेही म्हणता येईल; परंतु तसे असते तर ‘स्वभावनट’ यासारखा शब्द अधिक सहज सुचला असता, म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

भूमिकाप्रकाराचे मूळ संस्कृत नाटकातील कंचुकीपर्यंत नेता येते. अंतःपुरात वावरणारा हा वृद्ध विप्र काठी टेकीत येतो आणि वार्ता सांगून जातो. पण त्याला स्वतःचा संसार नसतो. गो. ब. देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातील लग्नोत्सुक वृद्ध भुजंगनाथ किंवा शारदेचा बाप कांचनभट यांना तो आहे आणि नाटक त्यातूनच घडते. चरित्रभूमिकेचा खरा विस्तार सामाजिक नाटकाबरोबर झाला, असे मानणे त्यामुळे सयुक्तिक ठरते.

गोव्यात देवस्थानांच्या जत्रा, शिगमा, रामनवमी, गणेशोत्सव इत्यादी प्रसंगी ग्रामस्थांनी नाटक सादर करण्याची प्रथा आहे. येथे चरित्रनट होणे बहुधा वयाने ठरते. मिसरूड फुटण्यापूर्वी स्त्रीपार्ट, तरुणपणी नायक आणि कानशिले पांढरी होऊ लागली की बापाचे काम, असा एकाच माणसाचा एकाच मांडवातील प्रवास जुन्या पिढीत सर्रास आढळे. नट दिवसा शिक्षक, दुकानदार किंवा बागायतदार असे. तालीम रात्रीच्या जेवणानंतर देवळाच्या मंडपात किंवा शाळेच्या वर्गात चाले. रंगपटात घरचेच धोतर, उपरणे आणि काठी येई, आणि विंगेत प्रॉम्प्टर म्हणून अनेकदा त्याचाच मुलगा उभा असे. प्रेक्षक म्हणजे शेजारीपाजारी. ज्याच्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, अशा नटाने पैशासाठी लेक विकणारा कांचनभट उभा केला, तर पुढच्या रांगेतली कुजबुज कशाबद्दल आहे हे त्यालाही कळे. नाटक मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. तोवर गमाने चिकटवलेल्या मिशीचे एक टोक घामाने सुटलेले असे आणि अनुभवी नट ते बोटाने दाबून धरण्याचीच लकब करून टाकी. स्त्रियांच्या वयस्क भूमिकाही पूर्वी पुरुषच करीत.

व्यावसायिक रंगभूमीवर या परंपरेचा ठसा मुंबईतील धि गोवा हिंदू असोसिएशन (स्थापना १९१९) या संस्थेमार्फत उमटला. गोव्यातील वळवई गावचे मास्टर दत्ताराम हे संस्थेचे नट व दिग्दर्शक. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या कानेटकरांच्या नाटकात त्यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. हे महाराज सिंहासनावरचे कमी आणि पेचात सापडलेल्या घरातले बाप अधिक आहेत. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोगही याच संस्थेने २३ डिसेंबर १९७० रोजी सादर केला. श्रीराम लागू यांनी प्रथम साकारलेले त्यातील गणपतराव बेलवलकर म्हणजे निवृत्त नट आणि संसारी माणूस यांचे एकाच देहातले भांडण होय. पुढे दत्तारामांनीही ही भूमिका केली. मूळ गोव्याचे मोहनदास सुखटणकर (निधन २०२२) यांनी ‘मत्स्यगंधा’, ‘लेकुरे उदंड जाली’ इत्यादी नाटकांतून भूमिका केल्या आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा भारही उचलला. अशी दुहेरी कामे चरित्रनटांच्या वाट्यास नेहमीच येतात, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

गावच्या चरित्रनटाची आठवण छापील साधनांपेक्षा घरातील वस्तूंत अधिक टिकते. त्यांत ‘नक्कल’ सर्वांत महत्त्वाची. नक्कल म्हणजे नटाने स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेली आपल्या भाषणांची वही. तीत समोरच्या पात्राचे केवळ शेवटचे दोन-तीन शब्द असतात आणि त्यापुढे आपले वाक्य. एकच वही मुलाने किंवा पुतण्याने पुढे वापरली, तर शाईचे दोन रंग आणि दोन हस्ताक्षरे दिसतात. पहिल्याने गाळलेले वाक्य दुसऱ्याने समासात पुन्हा लिहिलेले असते.