दोन इंची नळी आणि उसने काडतूस : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

आखूड नळीच्या रिव्हॉल्वरमध्ये स्वसंरक्षणासाठी कोणती काडतुसे भरावीत, असे जाणकारांना विचारले की दोन परस्परविरोधी सल्ले हमखास मिळतात. एक जण हलकी, वेगवान आणि शरीरात शिरताच फुलणारी गोळी सुचवतो, तर दुसरा नेमबाजीच्या सरावातली सपाट तोंडाची, मंद वेगाची शिशाची गोळी पुरेशी आहे असे ठामपणे सांगतो. दोघेही अनुभवी असतात आणि दोघांच्याही हाताशी पुरावा असतो. या वादाचे मूळ .३८ स्पेशल या काडतुसाच्या जन्मकथेत आहे. हे काडतूस घडवले गेले ते चार ते सहा इंचांच्या नळीसाठी, आणि दोन इंची नळीने ते सुमारे पाऊणशे वर्षे उसने घेऊन वापरले.

स्मिथ अँड वेसन कंपनीने .३८ स्पेशल बाजारात आणले ते १८९८च्या सुमारास. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांसमोर अमेरिकी सैन्याचे .३८ लाँग कोल्ट हे काडतूस तोकडे पडले आणि म्हणून .३८ स्पेशल जन्माला आले, अशी हकिगत वारंवार सांगितली जाते. परंतु मोरोंशी झालेल्या चकमकी प्रामुख्याने त्यानंतरच्या काळातल्या असल्यामुळे ती कालक्रमात नीट बसत नाही. त्या अनुभवाचा खरा परिणाम वेगळ्या दिशेने झाला. १९०४ मध्ये लष्करी अधिकारी जॉन थॉम्पसन आणि वैद्यकीय अधिकारी लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील जनावरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या घेतल्या, लष्करी हातबंदुकीचा व्यास .४५ इंचापेक्षा कमी नसावा अशी शिफारस केली, आणि सैन्य .४५च्या मार्गाने गेले. पोलिसांनी मात्र .३८च धरून ठेवले.

मूळचे .३८ स्पेशल काळ्या दारूचे काडतूस होते. सुमारे २१ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) काळी दारू मावावी म्हणून त्याची पुंगळी, म्हणजे दारू धरणारे धातूचे आवरण, लांब ठेवली गेली. पुढे धूरविरहित दारू आली आणि तेवढेच काम तीन-चार ग्रेन दारूत होऊ लागले, पण पुंगळी होती तेवढीच राहिली. त्यामुळे आजही या काडतुसाच्या आत बरीचशी पोकळी असते, आणि जुन्या रिव्हॉल्वरांची ताकद लक्षात घेऊन त्याचा दाबही मर्यादित ठेवलेला आहे. अधिक ताकदीच्या .३५७ मॅग्नम काडतुसाला चौरस इंचाला ३५,००० पौंड दाब चालतो; साध्या .३८ स्पेशलची मर्यादा १७,००० पौंड आहे. दाब कमी आणि गोळी जड अशा या जोडणीला वेग घ्यायला नळीची लांबी लागते.

नेमकी तीच लांबी पुढे कापली गेली. साध्या वेशातील पोलिसांना कोटाखाली दडवता यावे म्हणून कोल्ट कंपनीने १९२७ मध्ये दोन इंची नळीचे, सहा गोळ्यांचे डिटेक्टिव्ह स्पेशल काढले. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने त्याहून लहान, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्वर कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील पोलीसप्रमुखांच्या परिषदेत मांडले, आणि तेथेच त्याला चीफ्स स्पेशल हे नाव मिळाले. आजची बहुतेक खिशातली रिव्हॉल्वरे याच घराण्यातली आहेत. या दोन्ही शस्त्रांत भरली जाणारी गोळी मात्र लांब नळीच्या गस्ती रिव्हॉल्वरमधलीच होती : १५८ ग्रेनची, गोल टोकाची, निव्वळ शिशाची. चार इंची नळीतून तिचा वेग सेकंदाला सुमारे ७५५ फूट मानला जाई, आणि दोन इंची नळीत त्यातलेही पन्नास ते शंभर फूट गळून पडत. सिलिंडर (काडतुसे धरून फिरणारा भाग) आणि नळी यांच्यामधल्या फटीतून थोडा वायू निसटतो, ती वजावट वेगळीच. शिवाय पिस्तुलाच्या नळीची लांबी मोजताना काडतूस बसण्याची जागाही धरतात आणि रिव्हॉल्वरची मोजताना सिलिंडर वगळतात, त्यामुळे कागदावरच्या इंचांची थेट तुलना करता येत नाही, हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

गोल टोकाची गोळी मंद वेगाने जाताना मांसपेशी कापण्याऐवजी बाजूला सारत पुढे सरकते, फुलत नाही आणि अनेकदा आरपार निघून जाते. तिचे हे दुबळेपण पोलिसांना ठाऊक होते, आणि टोक पोकळ केले की गोळी फुलते हेही जुनेच ज्ञान होते. ब्रिटिश लष्कराने १८९८ मध्ये .४५५ वेब्ली रिव्हॉल्वरसाठी पोकळ तोंडाची ‘मॅनस्टॉपर’ गोळी स्वीकारली होती, आणि त्याच सुमारास कोलकात्याजवळच्या डमडम येथील दारूगोळा कारखान्यात मऊ टोकाची रायफलची गोळी तयार होत होती. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात मज्जाव केला. तो जाहीरनामा करारात सामील झालेल्या राष्ट्रांमधील युद्धापुरताच होता आणि पोलिसांना किंवा नागरिकांना लागू नव्हता. तरीही पुढची साठ वर्षे पोलिसांच्या कमरेला गोल टोकच राहिले. माझ्या मते यामागे कायद्यापेक्षा सवय, स्वस्ताई आणि ‘डमडम’ या शब्दाची बदनामी ही कारणे अधिक होती.

ही कोंडी फोडली ली जुरास यांनी. १९६३ मध्ये त्यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या शेल्बीव्हिल येथे सुपर व्हेल ही छोटी कंपनी काढली आणि ११० ग्रेनची, तांब्याचे कवच असलेली पोकळ टोकाची गोळी विकायला सुरुवात केली. वेग कमी पडतो ना, मग वजन उतरवा, असा हा सरळ हिशेब होता. मोठ्या कारखानदारांना त्यांच्या मागे यावे लागले. जास्त दाबाच्या काडतुसांची गर्दी झाल्यावर १९७४च्या सुमारास ‘प्लस-पी’ ही खूण रूढ झाली, आणि .३८ स्पेशलसाठी तिची मर्यादा आज २०,००० पौंडांची आहे. या काळातले छापील आकडे जपून वाचावे लागतात, कारण जुन्या तक्त्यांतले वेग बहुधा लांब आणि फट नसलेल्या चाचणी-नळीतून मोजलेले असत. दोन इंची नळीतून सुटलेली तीच गोळी फुलायला लागणारा वेग गाठू शकत नसे आणि न फुलताच पुढे जाई. फुललीच तर वजन कमी असल्यामुळे लवकर थांबे.

सत्तरच्या दशकातच याच्या अगदी उलट विचाराने एक काडतूस तयार झाले आणि ते ‘एफबीआय लोड’ या नावाने ओळखले जाऊ लागले. यात गोळीचे वजन १५८ ग्रेनच ठेवले होते, दाब प्लस-पी होता, टोक पोकळ होते आणि कडा सपाट, धारदार होती. मुख्य म्हणजे तिला तांब्याचे कवचच नव्हते. मऊ शिसे कमी वेगातही फुलते, आणि नाही फुलले तरी धारदार कडेमुळे ते गोल टोकापेक्षा स्वच्छ छिद्र पाडते, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतील अनेक मोठ्या शहरांच्या पोलिसांनी ते वापरले. उसन्या काडतुसांपैकी दोन इंची नळीला सर्वांत बरे मानवलेले हेच, असे म्हणायला हरकत नाही.

त्या दशकात अमेरिकी न्याय खात्याच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनाने मात्र हलक्या, वेगवान गोळ्यांची बाजू उचलून धरली होती. गोळी जाताना क्षणभर निर्माण होणारी तात्पुरती पोकळी जितकी मोठी, तितका परिणाम अधिक, असे त्याचे गृहीतक होते. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे पथक आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात झालेल्या चकमकीने ते मोडीत काढले. मायकेल प्लॅट या दरोडेखोराला सुरुवातीलाच ११५ ग्रेनची ९ मिलिमीटर गोळी लागली. ती दंडातून छातीत शिरली, ठरल्याप्रमाणे फुललीही, पण हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली, आणि प्लॅट त्यानंतरही लढत राहिला. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले. शेवटी एडमंडो मिरेलेस या जखमी एजंटने जी चकमक संपवली, ती .३५७च्या रिव्हॉल्वरमध्ये भरलेल्या .३८ स्पेशल प्लस-पी गोळ्यांनी.

यानंतर प्रश्नाची मांडणीच बदलली. गोळी किती फुलते याआधी ती किती खोल जाते हे पाहिले जाऊ लागले. लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅक्लर यांनी १० टक्के जिलेटिनचा, ४ अंश सेल्सियसला ठेवलेला ठोकळा ऊतींची नक्कल म्हणून प्रमाणित केला होता. एफबीआयने १९८८ पासून त्याच्या आधारे चाचण्या सुरू केल्या आणि किमान १२ इंच खोली बंधनकारक मानली. समोर उभ्या माणसाच्या छातीची जाडी पाहता १२ इंच जास्त वाटतात, पण वाटेत दंड आडवा आला किंवा गोळी कडेने शिरली तर तेवढे अंतर खरेच पडते. १८ इंचांपलीकडे गेलेली गोळी मात्र पाठीमागच्या कोणाला लागण्याचा धोका वाढवते.

याच चाचण्यांनी आखूड नळीचा खरा शत्रू उघड केला, आणि तो कपडा निघाला. जाड कापडाचे थर पांघरलेल्या ठोकळ्यातून काढलेली दोन इंची नळीतली गोळी हातात घेतली की सारे कळते. टोकाच्या पोकळीत डेनिमची छोटी चकती घट्ट ठासून बसलेली असते, कडा जराही उमललेल्या नसतात आणि कवच जवळपास कोरे असते. पोकळीत द्रव शिरून आतून दाब निर्माण झाला तरच गोळी फुलते. बूच बसले की ती जुन्या गोल टोकासारखीच वागते. मोठ्या वेगात हे बूच फाटते, दोन इंची नळीत बहुधा फाटत नाही.

दरम्यान शस्त्र हलके होत चालले होते, आणि त्याने नवीच अडचण उभी केली. २००१च्या सुमारास आलेले स्मिथ अँड वेसनचे ३४०पीडी हे .३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्वर रिकामे असताना जेमतेम १२ औंसांचे, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमचे आहे. त्याच्या नळीवरच १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये अशी सूचना कोरलेली असते. हलक्या शस्त्राचा मागचा झटका इतका तीव्र असतो की सिलिंडरमध्ये वाट पाहत बसलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकू शकतात, आणि एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली की सिलिंडर फिरणेच थांबते. कवच नसलेल्या शिशाच्या गोळ्यांना ही खोड अधिक, त्यामुळे नावाजलेला एफबीआय लोडही अशा रिव्हॉल्वरमध्ये बेभरवशाचा ठरू शकतो. आणखी एक बाब म्हणजे स्थिर माशी, म्हणजे नळीवरची नेम धरण्याची न हलणारी खूण. लहान रिव्हॉल्वरची माशी पुष्कळदा १५८ ग्रेनच्या गोळीला धरून बसवलेली असते, आणि हलकी, वेगवान गोळी त्याच नेमावर खाली लागते.

दोन इंची नळी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली गोळी ठळकपणे पुढे आली ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला. न्यूयॉर्क पोलिसांत कामावर नसताना किंवा दुय्यम शस्त्र म्हणून लहान रिव्हॉल्वर बाळगणारे अनेक जण होते. त्यांच्या गरजेतून स्पीअर कंपनीची १३५ ग्रेनची गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल प्लस-पी गोळी तयार झाली. तिची पोकळी रुंद आहे आणि कवच शिशावर विद्युतविलेपनाने चिकटवलेले असल्यामुळे ते सुटत नाही. हॉर्नेडी कंपनीने पोकळीत मऊ पॉलिमरचे टोक बसवून बूच बसण्याची जागाच भरून टाकली. फेडरल कंपनीने २०१६ मध्ये १३० ग्रेनची एचएसटी गोळी पुंगळीच्या तोंडाशी समतल, आत ढकलून बसवली. काळ्या दारूच्या काळातली रिकामी जागा तिथे कामी आली. .३२ व्यासाची काडतुसेही अधूनमधून पर्याय म्हणून पुढे येतात, कारण झटका कमी आणि सहा गोळ्यांची सोय, पण ती फारशी रुजलेली नाहीत.

या सगळ्यानंतरही नेमबाजीच्या सरावातले ते सपाट तोंडाचे काडतूस, म्हणजे वॉडकटर, टिकून आहे, आणि त्याचे कारण जिलेटिनमध्येच दिसते. १४८ ग्रेनची ही गोळी मुळात कागदी लक्ष्यात स्वच्छ गोल भोक पडावे, गुण मोजणे सोपे व्हावे म्हणून बनवली गेली. ती फुलत नाही, त्यामुळे कपड्याचे बूच तिला बाधत नाही. वेग कमी असूनही ती पुरेशी खोल जाते, पूर्ण व्यासाचे छिद्र पाडते, आणि झटका इतका सौम्य असतो की दुसरी गोळीही नेमावर लागते. तिचा तोटा हातात घेतल्यावरच जाणवतो. गोळी पुंगळीच्या काठाशी समतल असते, जणू शिशाचे झाकण लावलेली डबी; सिलिंडरच्या भोकात वाट दाखवणारे टोकच नसल्यामुळे घाईत काडतूस काठावर अडते आणि पुन्हा भरताना बोटे चाचपडतात. म्हणून वॉडकटर पसंत करणारे अनेक जण ती पाच काडतुसे फक्त सिलिंडरमध्ये ठेवतात, आणि खिशातल्या रबरी पट्टीवर निमुळत्या टोकाची दुसरी काडतुसे बाळगतात.