नणंदेची साडी आणि वॉचमनमामांची चादर

धनत्रयोदशीच्या आधीचा रविवार. सोलापूरच्या नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानात माझ्यापुढे वीसेक साड्या उलगडून पडलेल्या आणि नणंदेसाठी एकही पसंत पडेना. "ताई, अजून दाखवतो की, घाई काय हाय," दुकानदार म्हणाला. घाई मलाच होती. यादीत अजून नऊ नावं आणि बोनस निम्मा संपलेला.

बसल्या बसल्या एक प्रयोग आठवला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी तो २००८ साली 'सायन्स'मध्ये मांडला. ४६ जणांना सकाळी पाकिटं वाटली, कुणाला पाच डॉलर, कुणाला वीस. संध्याकाळी पाचच्या आत ते संपवायचे. काहींनी स्वतःवर, काहींनी दुसऱ्याला भेट देऊन किंवा दान करून. संध्याकाळी विचारपूस केली तर दुसऱ्यावर खर्च केलेले जास्त खुशीत निघाले. पाच दिले की वीस, यानं फरक पडला नाही. गंमत अशी की दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना नुसता अंदाज विचारला, तेव्हा बहुतेकांनी नेमकं उलटं सांगितलं.

आता मीही दुसऱ्यासाठीच तर खरेदी करत होते. मग माझं डोकं का उठलं होतं?

मराठीत 'देणं' म्हणजे हातानं देणं, आणि 'देणं' म्हणजे कर्जही. मागच्या वर्षी नणंदेनं पैठणी दिली, म्हणून माझी साडी त्याहून हलकी चालणार नाही. हे दुसऱ्या प्रकारचं देणं. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात २००७ साली १९ स्त्रियांना प्रत्येकी १०० डॉलर देऊन मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं. काही वेळा त्यांच्या खात्यातून गरिबांच्या अन्नपेढीसाठी पैसे करासारखे परस्पर कापले, काही वेळा द्यायचे की नाही हे त्यांच्यावर सोडलं. परस्पर कापले तरी मेंदूतली बक्षिसाला खुलणारी केंद्रं जागी झाली. स्वतःहून दिल्यावर मात्र ती आणखी खुलली. मानपानात ही 'स्वतःहून'ची जागाच उरत नाही, असं माझं मत.

पण दानाची पावती फाडली की ताण पळाला, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. डन यांच्या गटानंच २०२० साली सातशेहून जास्त जणांवर मोठी फेरतपासणी केली. परिणाम टिकला, पण लहान होता. रक्तदाबाचा त्रास असलेल्या वयस्कर लोकांवरही एक छोटा प्रयोग झाला आहे. तीन आठवडे, दर आठवड्याला ४० डॉलर दुसऱ्यांवर खर्च करणाऱ्यांचा दाब स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा उतरलेला आढळला. एवढ्यावर कुणी गोळी बंद करू नये!

साडी न घेताच उठले. वाटेत चादरींचं दुकान लागलं. आमच्या इमारतीचे रात्रीचे वॉचमनमामा पहाटे जिन्याखाली पोतं पांघरून बसतात, ते आठवलं. मोर असलेली जाड सोलापुरी चादर घेतली. निवडायला तीन मिनिटं लागली असतील.

मामांनी घडी उलगडली, काठ बोटांत चोळला, उलटी बाजू दिव्याखाली धरली. "जेकार्डवरची हाय की ही," म्हणाले. जेकार्ड म्हणजे विणतानाच नक्षी उठवणारं मागावरचं यंत्र. वीस वर्षं मागावर काढलेला माणूस. मग एक सुटा धागा दातानं तोडला आणि चादर खांद्यावर टाकली.

नणंदेची साडी अजून राहिलीच आहे.