लगनाक्विला चढायला येताय? कुठल्या वाटेने, कधी, आणि पाय का भिजवायचे

आमच्याबरोबर बुकिंग केलेल्या आणि करायचं की नाही या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी हे पत्रक. जरा मोठं आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण सकाळी कार पार्कला उभं राहून एवढं सगळं सांगायला वेळ मिळत नाही.

लगनाक्विला विकलो काउंटीत, ९२५ मीटर. केरी काउंटी सोडली तर अख्ख्या आयर्लंडमध्ये याच्यापेक्षा उंच डोंगर नाही. इथले लोक नुसतं 'लग' म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. आकडा ऐकला की डब्लिनमधली आपली मंडळी पहिल्यांदा हेच म्हणतात, अहो कळसूबाई १६४६ आहे, ती आम्ही दोनदा केलीये. बरोबर आहे. पण कळसूबाईला पायाखाली दगड असतो, अवघड जागी शिड्या आहेत, वाटेत कुणीतरी लिंबूसरबत घेऊन बसलेलं असतं. लगवर शिडी नाही, टपरी नाही, वरच्या अंगाला धड मळलेली वाटसुद्धा सगळीकडे नाही, आणि पायाखाली बॉग आहे.

बॉग म्हणजे पावसाळ्यातला चिखल नव्हे. कोकणात चिबड जमीन म्हणतात तशी वरून वाटते, पण चिबड जमिनीला खाली माती असते, इथे खालीही तेच. थंडी आणि पाऊस एवढा की शेवाळ मेलं तरी कुजत नाही, एकावर एक साचत जातं आणि त्याचं पीट बनतं, काळं, मऊ, स्पंजसारखं, त्यात बहुतेक पाणीच. वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. म्हणजे तुमचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला तर तुम्ही चार-पाचशे वर्षं खाली गेलात! आम्हाला या डोंगराचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच आहे.

म्हणूनच एक विनंती, आणि ही आम्ही दर ट्रिपला करतो. वाटेत चिखलाचं डबकं आलं की त्याला वळसा घालू नका, सरळ मधून चाला. माणूस बूट वाचवायला कडेने जातो, पुढचा अजून कडेने, आणि दोन फुटांची वाट बघता बघता वीस फूट रुंद होते, वरचं गवत मरतं, उघडं पडलेलं पीट पावसात वाहून जातं आणि वर्षाला एक मिलिमीटर या हिशोबाने ते परत यायला किती काळ लागेल तुम्हीच बघा. पाय भिजणारच आहेत. वॉटरप्रूफ बूट घातले तरी पाणी वरून शिरतं, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच भिजवून टाका आणि मोकळे व्हा.

अर्थात मधून चाला म्हणजे डोळे मिटून चाला असं नाही. जिथे वाटच नाही तिथे रंग बघायचा. पोपटी, चकचकीत, गादीसारखं शेवाळ दिसलं की लांब राहा, खाली पाणी असतं. कापसासारखे पांढरे गोंडे डुलताना दिसले, फोटोला छान असतात, पण तीही ओल्या जागेचीच खूण. हेदरची जांभळट झुडपं असतील तिथे बहुधा पाय टिकतो. एक काठी असली तर पुढे टोचून बघता येतं.

आता रूट. आम्ही मुख्यतः दोन करतो.

पहिला ग्लेन ऑफ इमाल वरून, पश्चिमेकडून, फेंटन्स पबजवळून सुरू होतो आणि कॅमारा हिलवरून वर जातो. जाऊन येऊन साधारण १३ किलोमीटर, पाच ते सहा तास. वाट सरळ आहे, आधी कच्चा रस्ता, मग कॅमाराची चढण, त्यामागे सपाट ओलसर पट्टा, आणि शेवटी दगडगोट्यांचा खडा चढ. पहिल्यांदा येणाऱ्यांना हाच बरा पडतो. पण बाजूची सगळी जमीन आयरिश सैन्याची तोफखान्याच्या सरावाची रेंज आहे. फायरिंगचं वेळापत्रक सैन्य जाहीर करतं, ते बघूनच आम्ही तारीख ठरवतो, आणि फायरिंगच्या दिवशी किंवा लाल झेंडा दिसला तर हा रूट घेत नाही, म्हणजे नाहीच. ठरलेली वाट सोडायची नाही, आणि जमिनीवर धातूचं काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही, न फुटलेला गोळा असू शकतो. लहान मुलांना हे घरूनच समजावून आणा.

दुसरा ग्लेनमलूरवरून, पूर्वेकडून, आणि आमचा आवडता हाच. दरीच्या शेवटी बॅरावोरचा कार पार्क, तिथून अ‍ॅव्हनबेग नदी ओलांडायची, जंगलातल्या रस्त्याने फ्रॉकन रॉक ग्लेनमध्ये शिरायचं. फ्रॉकन म्हणजे इथली रानातली निळी-काळी बोरं, जुलै-ऑगस्टमध्ये पिकतात, आपण करवंदं खात खात चढतो तसंच. दरीच्या टोकाला धबधब्याच्या बाजूने चढ आहे, आणि तो संपला की खरी बॉग सुरू होते, रुंद, उघडी, वाट मध्येच हरवते, इथे ग्रुप लांबतो आणि सगळ्यांचा वेळ जातो. सपाटीला साधारण तासाला पाच किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाला अर्धा तास जास्त असा नेहमीचा हिशोब असतो, या पट्ट्यात तो चालत नाही, आम्ही जवळजवळ दुप्पट वेळ धरतो. उतरताना क्लोहरनाच्या बाजूने आलो तर जमीन बरीच कोरडी मिळते आणि खाली आर्ट्स लॉक नावाचं छोटं तळं दिसतं.

दक्षिणेकडून अहावॅनावरूनही वाट आहे, पण लांब पडते, ती आम्ही फक्त जूनमध्ये करतो, तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या सुमारालाच अंधार पडतो हे लक्षात ठेवा.

माथ्याबद्दल नीट वाचा. लगचा माथा टोकदार नाही, मोठं हिरवं पठार आहे, मेंढ्यांनी कुरतडलेलं आखूड गवत, चालायला इतकं छान की खालची बॉग विसरायला होते, हवा स्वच्छ असली तर समुद्रापलीकडे वेल्सचे डोंगर दिसतात. पण ढग उतरला की दहा पावलांवरचं दिसत नाही, सगळीकडे सारखंच गवत, आणि पठाराच्या दोन बाजूंना कडे आहेत, नॉर्थ प्रिझन आणि साउथ प्रिझन. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा माथ्यावर चहा प्यायलो आणि आलो तसेच निघालो असं समजून चालू लागलो, कंपास काढला तेव्हा कळलं की पश्चिमेऐवजी उत्तरेला चाललोय, म्हणजे थेट नॉर्थ प्रिझनकडे. तेव्हापासून माथा सोडण्याआधी थांबून नकाशा आणि कंपासवर दिशा घेतल्याशिवाय एकही पाऊल टाकत नाही. फोन असतोच, पण थंडीत बॅटरी पटकन उतरते.

थंडीवरून आठवलं. जानेवारी १५९२ मध्ये रेड ह्यू ओडॉनेल आणि आर्ट ओनील हे दोन आयरिश सरदारपुत्र डब्लिनच्या किल्ल्यातल्या इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि बर्फातून हे विकलोचे डोंगर ओलांडून ग्लेनमलूरकडे निघाले, तिथला आयरिश सरदार फीअख मॅकह्यू ओबर्न त्यांना आसरा देणार होता. अंगावर पुरेसे कपडे नव्हते. आर्ट वाटेतच गारठून गेला, ह्यू वाचला पण पायाचे अंगठे गमावून. आपण ज्या दरीतून चालतो तीच ही. म्हणून कपड्यांच्या बाबतीत आम्ही ऐकत नाही. जीन्स नको, कॉटन टीशर्ट नको, भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. कार पार्कपेक्षा माथ्यावर चार-पाच डिग्री कमी असतात, वारा वेगळा. उन्हाळ्यातसुद्धा रेन जॅकेट, रेन पँट, फ्लीस, टोपी, हातमोजे हवेतच. नसेल तर फोन करा, जॅकेट आणि गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) आमच्याकडे भाड्याने मिळतात, पण ऐनवेळी नको, आदल्या दिवशीपर्यंत सांगा.

हवा बिघडली तर अर्ध्यातून परत फिरायचं की नाही हे लीडर ठरवेल. तसं झालं तर पुढच्या एका तारखेला तुम्ही पैसे न भरता येऊ शकता, त्यामुळे तिथे वाद घालू नका. कुणी मागे राहिलं, वाट चुकलं, लागलं, तर ११२ किंवा ९९९ ला फोन करून माउंटन रेस्क्यू मागायचं. ती माणसं स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत.

अजून थोडं. जमीन बरीचशी शेतकऱ्यांची आहे, ते जाऊ देतात म्हणून आपण जातो, तेव्हा गेट जसं दिसेल तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद, आणि कुत्रा आणू नका, मेंढ्या असतात. संत्र्याची सालंसुद्धा परत आणायची. नेच्यांतून चाललात तर घरी जाऊन पाय आणि गुडघ्यामागची जागा तपासा, हरणांमुळे इथे टिक्स, म्हणजे गोचीड, असतात, चिकटलेला असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढा. जेवण आपापलं, थालीपीठ, दशम्या, लाडू असं थंड झालेलंही खाता येईल ते आणा, चहाचा थर्मास आम्ही घेतो.

बॅरावोरचा कार पार्क वीकेंडला लवकर भरतो, म्हणून भेटायची वेळ सकाळी आठ. गाडीत कोरडे मोजे, दुसरे बूट आणि चिखलाच्या बुटांसाठी एक मोठी पिशवी ठेवा.