कार्डिगन पुरुषांनी कसं घालायचं? आधी ते आलं कुठून ते बघा

कार्डिगन म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर आजोबाच येतात, आणि मला हे अजिबात पटत नाही, कारण ह्या स्वेटरचं नाव पडलंय एका घोडदळाच्या अधिकाऱ्यावरून. जेम्स ब्रुडेनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल, म्हणजे ब्रिटिश सरदार. क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लावाला साधारण ६७० स्वार घेऊन जो थेट रशियन तोफांवर चालून गेला तो हाच. त्या काळचे ब्रिटिश अधिकारी थंडीसाठी लोकरीचं विणलेलं, पुढून उघडणारं जाकीट घालायचे, त्यालाच पुढे ह्याचं नाव चिकटलं.

म्हणजे मुळात हा मधला थर, खाली शर्ट आणि वर कोट. म्हणून आजही बारीक विणीचं, अंगासरशी बसणारं कार्डिगन ब्लेझरच्या आत घातलं की काही वेगळं केलंय असं वाटतच नाही, जाड घातलं तर मात्र कोटाच्या बाह्या फुगतात आणि सगळा लुक जातो.

नंतर ते अमेरिकन कॉलेजांत पोचलं. हार्वर्डच्या बेसबॉल टीमने १८६५ मध्ये कपड्यावर एच हे अक्षर लावलं, पुढे अशी अक्षरं स्वेटरवर आली आणि खेळाडूंची जाड कार्डिगन्स म्हणजे मिरवायची गोष्ट झाली. शॉल कॉलरवालं, म्हणजे गळ्याभोवती शालीसारखी वळणारी रुंद कॉलर असलेलं जाडजूड कार्डिगन ह्याच खेळाडूंच्या घराण्यातलं, आणि माझ्या मते पुरुषांवर सगळ्यात भारी दिसतं ते हेच, आत साधा टीशर्ट, खाली जीन्स, वर जॅकेटची गरजच नाही. बायकांमध्ये ते लोकप्रिय करण्यात कोको शनेलचा मोठा हात, पण तो वेगळा विषय.

आजोबांची इमेज बहुतेक टीव्हीमुळे आली असावी. पेरी कोमो हा गायक कार्डिगन घालून निवांत गायचा. आणि फ्रेड रॉजर्स! १९६८ पासून लहान मुलांच्या कार्यक्रमात हा माणूस घरात येणार, कोट काढून कपाटात टांगणार, कार्डिगन घालून चेन वर ओढणार, मग बूट बदलणार, सगळं मुलांशी गात गात. ती कार्डिगन्स त्याच्या आईने विणलेली होती, त्यातलं लाल आज स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. बाहेरचा माणूस घरचा झाला हे मुलांना एका स्वेटरवरून कळायचं, मला तर हे फार मोठं वाटतं.

मग नोव्हेंबर १९९३, निर्वाणा ह्या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन एमटीव्ही अनप्लग्ड ह्या टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमाला मळकट हिरवं, ढगळ कार्डिगन घालून बसला. एक बटण तुटलेलं, सिगारेटने भाजल्याचे डाग, आणि तेच न धुतलेलं कार्डिगन २०१९ मध्ये लिलावात ३,३४,००० डॉलरला गेलं! आज पोरं ओव्हरसाइज कार्डिगन बटणं न लावता बँडच्या टीशर्टवर टाकतात ते इथूनच. पण ढगळ म्हणजे दोन साइज मोठं नाही हां, खांद्याची शिवण थोडी खाली उतरली तर चालते, बाह्या मात्र बोटं झाकायला लागल्या की एक साइज कमी घ्या.