पॅकियाओ विरुद्ध मार्केझ: एका ठोशामागची आठ वर्षं

8 डिसेंबर 2012, लास वेगसचं एमजीएम ग्रँड. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ आणि मेक्सिकोचा हुआन मॅन्युएल मार्केझ या बॉक्सरांची चौथी लढत. सहावी फेरी संपायला एकच सेकंद उरला होता. मार्केझचं नाक रक्ताळलेलं, पाठ दोरांच्या जवळ, आणि गुण देणाऱ्या तिन्ही पंचांच्या कागदावर पाच फेऱ्यांअखेर मॅनी पॅकियाओ 47-46 असा पुढे. आणखी एक तडाखा द्यायला तो आत शिरला आणि हुआन मॅन्युएल मार्केझचा आखूड, सरळ उजवा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. पॅकियाओ पालथा पडला तो उठलाच नाही. रिंगमधले पंच केनी बेलेस यांना दहापर्यंत आकडे मोजायचीही गरज पडली नाही.

त्या दिवसापासून वाद सुरू आहे. पॅकियाओ जिंकत होता, मग हरला कसा? ‘नशिबाने लागलेला ठोसा’ हे उत्तर सर्वात जास्त ऐकू येतं, आणि तेच सर्वात चुकीचं आहे. या ठोशाची मुळं 2004 पासूनच्या तीन लढतींत आहेत, त्यातही त्यांच्या गुणपत्रकांत.

पहिली लढत 8 मे 2004 ची, 126 पौंड (सुमारे 57 किलो) वजनगटातली. पॅकियाओ डावखुरा. त्याच्या सरळ डाव्या ठोशाने पहिल्याच फेरीत मार्केझ तीनदा खाली गेला. एवढ्यावर बहुतेक बॉक्सर संपले असते. मार्केझने मात्र पुढच्या फेऱ्यांत उत्तर शोधलं: पॅकियाओला आत येऊ द्यायचं, त्याचा डावा सुटला की डोकं मागे घ्यायचं आणि तो हात परत जागेवर जाण्याआधी उजवा सरळ घालायचा. डावखुऱ्याविरुद्ध उजव्या हाताने लढणाऱ्याचं हे मुख्य हत्यार. समोरच्याचा डावा पुढे गेला की त्याच्या हनुवटीची ती बाजू उघडी पडते, आणि उजवा नेमका तिथेच पोचतो.

निकाल बरोबरीचा: 115-110, 110-115, 113-113. यात एक मेख आहे. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला साधारण 9, आणि खाली पडल्याच्या प्रत्येक वेळेला आणखी एक गुण वजा, म्हणजे तीनदा पडल्यावर 10-6. 113-113 देणाऱ्या पंचाने, बर्ट क्लेमेंट्सनी, ती फेरी 10-7 धरली आणि नंतर चूक कबूल केली. 10-6 धरली असती तर त्यांचा कागद 113-112 झाला असता आणि लढत पॅकियाओने जिंकली असती.

15 मार्च 2008 ची दुसरी लढत 130 पौंडांची. पॅकियाओ दोन पंचांच्या कागदावर पुढे, एकाच्या मागे, आणि निर्णायक कागद 114-113 चा. तिसऱ्या फेरीत मार्केझ पडला नसता तर तो एक गुण वाचून निकाल पुन्हा बरोबरीत गेला असता. 12 नोव्हेंबर 2011 ची तिसरी लढत तर अनेक जाणकारांच्या मते मार्केझनेच जिंकली होती. पंचांनी 114-114, 115-113, 116-112 असे गुण देऊन पॅकियाओचा हात वर केला.

प्रतिहल्ला करणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. तो वाट पाहतो, एक पाऊल मागे जातो, कमी पण नेमके ठोसे मारतो. जवळच्या फेरीत पंचांचा कल मात्र सहसा पुढे चालून येणाऱ्याकडे, सतत हात चालवणाऱ्याकडे झुकतो. आठ वर्षांत 36 फेऱ्या लढूनही मार्केझच्या पदरात एकही विजय नव्हता. पंचांवर विसंबायचं नाही, हा धडा त्याने घेतला.

चौथ्या लढतीत हा बदल उघड दिसतो. 147 पौंडांच्या मर्यादेत मार्केझचं वजन 143 भरलं, पण शरीर आधीपेक्षा भरीव आणि पाय जमिनीत रोवलेले. सुरुवातीला त्याने पोटावर, बरगड्यांवर मारा ठेवला. त्याने पॅकियाओचं लक्ष खाली गेलं. मग तिसऱ्या फेरीत खाली मारायची हूल देऊन उजवा वरून वळसा घेत आला आणि पॅकियाओ आपटला. चारही लढतींत तो मार्केझकडून खाली पडल्याची ही पहिली वेळ. इशारा स्पष्ट होता. पाचव्या फेरीत मात्र पॅकियाओच्या डाव्याने मार्केझला खाली हात टेकायला लावला, आणि सहाव्या फेरीत त्याचा आवेश वाढला.

आता पॅकियाओच्या बाजूने पाहा. नोव्हेंबर 2009 मध्ये मिगेल कोट्टोला थांबवल्यानंतर त्याने एकही लढत वेळेआधी संपवलेली नव्हती. जून 2012 मध्ये टिमोथी ब्रॅडलीविरुद्धचा वादग्रस्त निकाल त्याच्या विरोधात गेलेला. मार्केझवरच्या दोन्ही विजयांवर प्रश्नचिन्ह होतं. त्यालाही ही लढत गुणांवर सोडायची नव्हती. त्यामुळे जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) पुढे टाकून मागोमाग डावा घेऊन आत जायची त्याची चाल सहाव्या फेरीत अधिक धाडसी झाली: कोन न बदलता सरळ रेषेत, डोकं पुढे आणि बाजूला न हलवता. मार्केझने किंचित खाली झुकून त्याच रेषेत उजवा सोडला. पॅकियाओ स्वतःच्या वेगाने त्या ठोशावर चालून गेला, म्हणून एवढ्या आखूड हालचालीत इतका जोर भरला.

मार्केझच्या वाढलेल्या ताकदीवरही शंका घेतली गेली, कारण त्याचा ताकद-प्रशिक्षक आंखेल एरेदिया याने पूर्वी धावपटूंना उत्तेजकं पुरवल्याची साक्ष न्यायालयात दिली होती. मार्केझ कोणत्याही चाचणीत दोषी आढळला नाही. आणि ताकद कुठूनही आली असली, तरी पॅकियाओ कधी आणि कुठून आत येईल हे ओळखणं ताकदीने जमत नाही. ते 42 फेऱ्यांत शिकलेलं होतं, आणि त्यामागे प्रशिक्षक नाचो बेरिस्ताइन यांची शिस्त होती.

पाचव्या लढतीची मागणी बरीच झाली, पण मार्केझ तयार झाला नाही. पॅकियाओ नोव्हेंबर 2013 मध्ये मकाऊला ब्रँडन रिओसविरुद्ध परतला तो बाजूने शिरून, मारून लगेच बाहेर पडत. बाराही फेऱ्या खेळून तो गुणांवर जिंकला. वेळेआधीचा त्याचा पुढचा विजय आला थेट जुलै 2018 मध्ये, लुकास मॅथिसेविरुद्ध.