शिकवलेल्या कुत्र्याला लीश लागत नाही?

'आमचा कुत्रा शिकवलेला आहे, हाकेसरशी येतो, त्याला लीश, म्हणजे फिरवताना धरायचा पट्टा, कशाला?' हा समज धोक्याचा आहे. घरातल्या शांततेत हाकेला येणं वेगळं आणि मांजर आडवं गेल्यावर किंवा फटाका फुटल्यावर येणं वेगळं. बिथरलेला कुत्रा हाक ऐकण्याच्या मनःस्थितीतच नसतो, वाट दिसेल तिकडे पळतो. त्यात आपल्याकडे गल्लोगल्ली भटक्या कुत्र्यांच्या हद्दी. परका कुत्रा शिरला की टोळी अंगावर येते.

'बांधणं म्हणजे क्रूरता' हेही अर्धवट आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा आक्षेप आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवण्याला आहे, फिरवताना धरलेल्या लीशला नाही. उलट, पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

धावणं कुत्र्याला हवंच, अगदी रोज. त्यासाठी कुंपणाची बंदिस्त जागा शोधा. ती नसेल तर मोकळ्या मैदानावर १० मीटरची दोरी वापरा. ती हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) अडकवा, गळपट्ट्याला नको. वेगात झटका बसला तर मान दुखावते. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात. हाक एकदाच मारा, आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या आणि पुन्हा खेळू द्या. दर वेळी हाक मारून घरीच नेलंत, तर हाक म्हणजे खेळ संपला असं तो शिकतो आणि येईनासा होतो.